एक बोट कमी

पहाटे साडेपाच. सप्टेंबर.
पोर्थ ग्वायनच्या खडपावर भरतीला दीड तास झालेला.
नेस्टा टॉर्च दातांत धरून
कात टाकलेला खेकडा गळावर बांधते,
शिवणकामाच्या बारीक इलॅस्टिकने, चार वेढे,
लहानपणी इद्वलच्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधायची तशी,
घट्ट, पण बोट निळं पडू नये इतपत.

खेकडा मऊ आहे. जुनं कवच उतरलंय,
नवं अजून धरलेलं नाही.
या दिवसांत त्याला सगळेच खातात.

चाळीस पावलांवर दुसरा खडक. तो इद्वलचा.
एकतीस वर्षं बहीण-भाऊ असे उभे राहिले,
मध्ये घळ, घळीत पाणी, पाण्यावरून भांडण:
"लाकूड रंगवून माशाला फसवतोस. लाज नाही वाटत?"
"तुझा खेकडा खरा, हेतू खोटा.
माझं सगळंच खोटं. आता सांग, प्रामाणिक कोण?"
तेवढ्यात कुणाची तरी काठी वाकायची
आणि वाद तिथेच भिजत पडायचा
उद्याच्या भरतीपर्यंत.

गेले दोन हंगाम तो खडक रिकामा.
इद्वल वर गाडीत बसतो, काच खाली करून,
मांडीवर थर्मास, थर्मासवर हात.
हात थरथरतात, म्हणून झाकण किणकिणत राहतं.
समुद्र निवांत असला
की तिला खालपर्यंत ऐकू येतं.

आज ऐकू येईना.
वळून पाहिलं, तर तो उतरत होता,
बसून, सरकत, जिन्यावरून उतरणाऱ्या तान्ह्यासारखा,
काठी बगलेत,
टोपीला अडकवलेला निळा नकली मासा.

"गाठ तेवढी तू मार."

तिने मारली. थुंकी लावून ओढली,
तंगुसाचं शेपूट दाताने तोडलं.
मग त्याच्या कमरपट्ट्यात मागून मूठ घातली
आणि पाय रोवले.

फेक वाईटच पडली. जेमतेम तीस हात.
पण मग तिने पाहिलं:
जे मनगटाला शिकवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं,
झटका, ढील, झटका,
घायाळ माशाची ती वेडीवाकडी चाल,
ते आता हात आपणहून करत होता,
न थांबता,
त्याला न विचारता.
निळा तुकडा पाण्यावर असा तडफडत आला
की नेस्टालाच क्षणभर त्याची दया आली.

पाणी फुटलं.
तिच्या मुठीत पट्टा, पट्ट्यात भाऊ,
भावाच्या हातात काठी, तंगुसाच्या शेवटी तो,
आणि सगळेच थरथरत.
कुणाची थरथर कुठे संपते, कळेना.

बास. वेल्शमध्ये त्याच्या नावातच काटे आहेत:
समुद्रातलं काटेरी जनावर.
पाठीवरचा पंखा ताठ उघडून
तो खडकावर पडला, नुकत्याच विसळलेल्या सुरीसारखा.

पट्टी लावली. एक्केचाळीस.
कायद्याला बेचाळीस लागतात.
"शेपटी जरा ओढ."
"ओढली."
"आणखी."
नेस्टाने आजूबाजूला पाहिलं.
एक पाणकावळा होता, पंख वाळवत. दुसरं कुणी नाही.

तिने मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला,
तोंड प्रवाहाकडे,
कल्ले पुन्हा चालू होईपर्यंत.
"जा. वाढ."
गेला. जाताना तिच्या अंगठ्यात काटा ठेवून गेला.
तिचा खेकडा तोवर
दुसऱ्या खेकड्यांनी संपवला होता.

संध्याकाळी पबमध्ये
मासा केवढा होता ते दाखवायला
इद्वलने दोन्ही हात वर केले.
हात ठरेनात.
मासा वीतभर झाला, हातभर झाला, दीड हात,
पुन्हा वीतभर.
गल्ल्यामागचा मॅक्सन हसू दाबत म्हणाला,
"नक्की केवढा?"

नेस्टा अंगठा चोखत होती.
"तेवढाच," ती म्हणाली.